साठ हजारांचं कर्ज कुठून काढू?

ताई, नमस्कार.
मी बार्शीत राहते. घरी शिवणकाम करते: ब्लाऊज, फॉल-पिको, शाळा उघडायच्या सुमाराला युनिफॉर्म. मालक टेम्पोवर ड्रायव्हर आहेत. श्रावणात त्यांचा पाय मोडला, ऑपरेशन करून रॉड टाकावा लागला. तेव्हा धाकट्या दिरांनी साठ हजार हातउसने दिले. आता त्यांनी घराचं काम काढलंय, त्यांना पैसे परत पाहिजेत. आमचं दोघांचं मिळून महिन्याला एकोणीस-वीस हजार येतं. फायनान्सच्या एका गटकर्जाचा २,३५० रुपयांचा हप्ता आधीच चालू आहे.
पतसंस्थेत चौकशी केली तर १२ टक्के व्याज सांगितलं, दोन जामीनदार आणा म्हणाले. आमच्या बचत गटात २ टक्के आहे. फायनान्सचे साहेब म्हणतात, जुनं कर्ज मिटवून मोठं करून देतो. गल्लीतले एकजण म्हणतात, संध्याकाळी या, पैसे घेऊन जा, शेकडा चार, फक्त सही केलेला एक चेक ठेवा. चार म्हणजे बारापेक्षा कमीच ना? कुणाकडून घेऊ?
— एक वाचक, बार्शी

ताई, तुमच्या पत्रातले १२, २ आणि ४ हे आकडे एका रांगेत मांडू नका. पतसंस्थेचे १२ टक्के वर्षाचे आहेत. गटाचे २ टक्के महिन्याचे, म्हणजे वर्षाचे २४. गल्लीतल्या गृहस्थांचे शेकडा चार वर्षाला ४८ टक्के होतात. तुमच्या यादीत सगळ्यात महाग तेच आहेत. स्वस्त वाटतात ते केवळ महिन्याचा आकडा सांगतात म्हणून.

त्यांचा हिशोब आधी मांडते, म्हणजे तो विषय संपेल. साठ हजारांवर शेकडा चारनं महिन्याला २,४०० रुपये नुसतं व्याज. वर्षभर न चुकता भरलंत तर २८,८०० जातील आणि साठ हजार मुद्दल जिथल्या तिथं. आता कायदा काय म्हणतो ते बघा. महाराष्ट्रात सावकारी करायची तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवाना लागतो. परवानाधारक सावकारालासुद्धा मनाला येईल ते व्याज लावता येत नाही. शेतकऱ्याला तारण घेऊन ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८ टक्के, हे वर्षाचे कमाल दर सरकारनं ठरवून दिलेत. तुम्हाला विनातारण जास्तीत जास्त १८ टक्के, म्हणजे शेकडा दीड. साठ हजारांवर महिन्याला ९०० रुपये. २,४०० मागणारा माणूस एकतर विनापरवाना आहे किंवा परवाना असूनही कायदा मोडतोय. आणि तो कोरा चेक! त्यावर उद्या दोन लाखांचा आकडा पडला आणि चेक परत गेला, तर केस तुमच्यावर होते. कोर्टात ‘मी फक्त साठच घेतले होते’ हे शाबीत करायची वेळ तुमच्यावर येते. गरजेच्या माणसाकडून कोरा चेक घेणाऱ्याला मी शेजारी म्हणत नाही. त्यांच्याकडे जाऊच नका.

पुढचं बोलायच्या आधी एकदा दिरांशी बोला. त्यांचे पैसे बुडवायचे नाहीत, पण घराचं काम एका दिवसात होत नाही. स्लॅबला पैसे कधी लागणार, फरशीला कधी, हे विचारून घ्या. निम्मे आता आणि निम्मे पाडव्यापर्यंत चालतील का, हे मालकांनी स्वतः जाऊन विचारावं. त्या पैशावर व्याज नाही. तेवढी मुदत मिळाली तर बाहेरून काढायची रक्कमच खाली येते.

ते जमलं नाही असं धरून चालू. मग सगळे साठ एका जागेवरून काढू नका. गटातून वीस आणि पतसंस्थेतून चाळीस, अशी माझी सूचना आहे.

गटाचे २४ टक्के ऐकायला जास्त वाटतात, पण त्यात दोन गोष्टी आहेत. एक, व्याज शिल्लक रकमेवर लागतं. वीस हजार घेऊन दर महिन्याला दोन हजार मुद्दल फेडलंत तर पहिल्या महिन्याचं व्याज ४०० रुपये, दुसऱ्याचं ३६०, असं उतरत दहा महिन्यांत एकूण २,२०० होतं. दुसरी, हे २,२०० रुपये कुठं जातात? तुमच्याच गटाच्या पेटीत. गटाच्या नफ्यात तुमचाही वाटा आहे. शिवाय गट ‘उमेद’मध्ये, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, असेल आणि बैठक, बचत, आपसातलं कर्ज, परतफेड, हिशोब ही पंचसूत्री नीट चालू असेल, तर बँकेकडून गटाला कर्ज मिळतं. अशा महिला गटांना तीन लाखांपर्यंतचं कर्ज बँकांनी ७ टक्क्यांनी द्यायचं, असं धोरण आहे. तुमच्या गटानं अजून बँकेचं कर्ज घेतलं नसेल, तर पुढच्या बैठकीत गटांचं काम बघणाऱ्या सीआरपी ताईंसमोर हा विषय जरूर काढा. आज नाही तर पुढच्या वेळी उपयोगी पडेल. पैसे मागताना मात्र बैठकीत मागा, ठरावाच्या वहीत लिहून घ्या. अध्यक्ष-सचिवांनी परस्पर काढून दिलेले पैसे पुढं गट मोडायला कारण होतात.

आता पतसंस्था. यात जरा सविस्तर लिहिते, कारण माझी सगळी नोकरी पतसंस्थेच्या याच टेबलावर झाली.

‘बारा टक्के’ हे कोणत्या पद्धतीचे, हे विचारल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. चाळीस हजार, दोन वर्षं, १२ टक्के. शिल्लक रकमेवर व्याज असेल तर हप्ता १,८८३ च्या आसपास बसतो आणि दोन वर्षांत व्याज होतं साधारण ५,२००. तेच व्याज ‘फ्लॅट’ असेल, म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत आलात तरी शेवटपर्यंत पूर्ण चाळीस हजारांवर लावलं, तर ९,६०० होतं आणि हप्ता येतो २,०६७. बोर्डावर दोन्हीकडे १२ टक्केच लिहिलेलं असतं. फ्लॅटचे हे बारा टक्के शिल्लक रकमेच्या पद्धतीनं मोजले तर साडेएकवीसच्या घरात जातात. दर विचारायची लाज वाटत असेल तर दोनच गोष्टी विचारा: माझ्या हातात नेमके किती पडणार? आणि शेवटच्या हप्त्यापर्यंत मी एकूण किती भरणार? पैकी पहिला प्रश्न कुणी विचारत नाही. चाळीस मंजूर होतात, पण त्यातून शेअर्सची रक्कम कापतात, फॉर्म फी, प्रोसेसिंग, विमा कापतात, कुठं सक्तीची ठेव कापतात. घरी छत्तीस-सदतीस येतात. दिरांना पूर्ण चाळीस द्यायचे असतील तर हे आधी कळायला हवं. शेअर्सची रक्कम तुमचीच असते, कर्ज फिटल्यावर राजीनामा देऊन परत मागता येते. बाकीची कपात मात्र खर्चच.

सही करायच्या दिवशी काय होतं ते सांगते. कर्जाच्या संचामध्ये अर्ज, वचनचिठ्ठी, करारनामा, जामीनपत्र, पाचसात ठिकाणी पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या. ‘फुली आहे तिथं सह्या करा’ म्हणून कारकून संच पुढं सरकवतो. मागं रांग असते, माणूस खाली मान घालून सह्या करत सुटतो. वचनचिठ्ठीवर रेव्हेन्यू तिकीट चिकटवलेलं असतं, पण रकमेची जागा कोरी, तारखेची कोरी, व्याजदराची कोरी. बहुतेक ठिकाणी यात लबाडी नसते. नंतर सावकाश भरतात, एवढंच. तरी तुम्ही थांबा. ‘आधी आकडे भरा, मग सही करते’ एवढंच म्हणा. कारकून वैतागेल, वैतागू दे. दंडव्याजाचा दर कुठं लिहिलाय ते बघा, हप्त्यांचा तक्ता आणि करारनाम्याची झेरॉक्स मागून घ्या. चांगल्या संस्थेत याला कुणी नाही म्हणत नाही. जिथं म्हणतात तिथून उठून या.

संस्था चांगली आहे का, हे बोर्डाच्या काचेवरून आणि संचालकांच्या फोटोंवरून ठरवू नका. वार्षिक अहवाल मागा. दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत सर्वसाधारण सभा घ्यायची असते, त्यासाठी अहवाल छापलेला असतो. त्यात लेखापरीक्षणाचा वर्ग बघा, अ आहे की ब की त्याखाली. एनपीएचं, म्हणजे थकलेल्या कर्जांचं, प्रमाण बघा. तुम्ही म्हणाल, मी ठेव ठेवत नाही, कर्ज घेतेय, मला काय त्याचं? पण तुमचे शेअर्स आणि कापलेली ठेव तिथं अडकणार आहे. पतसंस्थेच्या ठेवींना बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षण नसतं. संस्थेवर अवसायक, म्हणजे संस्था गुंडाळायला नेमलेला अधिकारी, आला तर तुमची ठेव अडकते आणि कर्जाची वसुली मात्र चालूच राहते.

आणखी एक: तुम्हाला ‘नाममात्र सभासद’ करून कर्ज देत असतील तर नियमित सभासद करा असा आग्रह धरा. नाममात्र सभासदाला मत नाही, लाभांश नाही. नियमित सभासद झालात की सभेत उठून विचारता येतं, सहकार कायद्याच्या कलम ३२ खाली आपल्या व्यवहाराचे कागद बघता येतात, नकला मागता येतात. दाद नाही मिळाली तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडं अर्ज करता येतो. (पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नाहीत, तिथं तक्रार करून वेळ घालवू नका.) गट आणि पतसंस्था या दोन जागा मी सुचवते त्याचं खरं कारण व्याजदर नाही. त्या दोन्ही ठिकाणी हिशोब मागायचा तुम्हाला हक्क आहे. गल्लीतल्या गृहस्थांकडं वहीसुद्धा त्यांची आणि आकडाही त्यांचाच.

फायनान्सवाल्या साहेबांना नम्रपणे नाही म्हणा. ‘जुनं मिटवून मोठं’ यात पुन्हा प्रोसेसिंग फी, पुन्हा विमा, आणि मुदत नव्यानं सुरू. चालू हप्ता संपवा. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, तेवढे माहीत असू द्या: घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही, वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर त्रास द्यायचा नाही. ऐकलं नाही तर १४४४८ या नंबरवर रिझर्व्ह बँकेकडं तक्रारीची चौकशी करता येते.

आता बेरीज. गटाचा पहिला हप्ता २,४००, पतसंस्थेचा १,८८३, फायनान्सचा २,३५०. महिन्याला ६,६०० च्या वर जातील. एकोणीस हजारांतून ते गेले की बारा-तेरा उरतात. मालक पूर्ण कामावर आलेले असतील तरच हे झेपेल. अजून अर्ध्या पगारावर असतील तर गटात दहाऐवजी वीस महिन्यांची मुदत मागा. व्याज वाढेल, ४,२०० होईल, पण हप्ता पहिल्या महिन्यालाच १,४०० वर येईल. युनिफॉर्मच्या हंगामात जास्तीचे पैसे आले की मुद्दलात भरा.


ताई, मी विट्याजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. चुलतभावाला पतसंस्थेतून तीन लाखांचं कर्ज घ्यायचंय, मला जामीन राहा म्हणतो. ‘नुसती सही आहे’ म्हणतो. काकांनीही शब्द टाकलाय. राहू का?
— एक शिक्षक

सर, नुसती सही असती तर संस्थेनं तुमची पगाराची स्लिप मागितली नसती. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. १८७२ च्या करार कायद्यात ते स्पष्ट आहे. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडं या’ हे कायद्यानं चालत नाही. कर्ज थकलं की संस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला आणते. तो दोघांच्या नावानं येतो आणि संस्थेचं लक्ष ज्याचा पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला जमा होतो त्याच्याकडं आधी जातं. तो पगार तुमचा आहे.

म्हणून प्रश्न असा करा: हे तीन लाख उद्या मला फेडावे लागले तर माझ्या घराचं काय होईल? झेपणार नसेल तर काकांना आत्ताच सांगा. आत्ता नाही म्हटलं तर दिवाळीला थोडा रुसवा राहील. जप्तीची नोटीस शाळेच्या पत्त्यावर आली की भाऊबंदकी कायमची तुटते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्याऐवजी ‘जामीन राहत नाही, पण माझ्याकडून वीस हजार घे, जमेल तसे दे’ असं म्हणता आलं तर तेही बघा.

राहायचंच ठरवलंत तर भावाबरोबर स्वतः संस्थेत जा, सह्या घरी करू नका. त्याची आधीची कर्जं किती आहेत ते त्याला सिबिलचा रिपोर्ट काढायला लावून बघा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. आणि मॅनेजरला लेखी द्या, की दोन हप्ते थकले तर मला पत्रानं कळवावं. बहुतेक जामीनदारांना थकबाकी कळते तेव्हा दोन-तीन वर्षांचं दंडव्याज चढलेलं असतं, आणि तोपर्यंत भाऊ फोन उचलायचा बंद झालेला असतो. कर्ज फिटलं की काही बाकी नसल्याचा निल दाखला आणि तुमचं जामीनपत्र रद्द झाल्याचा कागद दोन्ही घ्या. याच जामिनावर पुढं कर्ज वाढवून देणार का, हेही आजच विचारा.


ताई, नाव-गाव छापू नका. २०१९ साली बोअर आणि मुलीच्या लग्नासाठी ओळखीच्या माणसाकडून दोन लाख घेतले, शेकडा पाचनं. तारण म्हणून एक एकराचं खरेदीखत करून घेतलं. ‘पैसे फिटले की खरेदी उलटून देतो’ म्हणाला. आजवर तीन लाखांच्या आसपास दिलेत, काही रोख, काही फोनवरून. रान मीच कसतोय. आता म्हणतो, जमीन माझी आहे, बाहेर पड.
— एक शेतकरी

दादा, आधी हे ऐका, तुमचा रस्ता बंद झालेला नाही.

कर्जाच्या तारणापोटी सावकारानं अशी जमीन लिहून घेतली असेल, तर सावकारी कायद्याच्या कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं अर्ज करता येतो. व्यवहार अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांतला असावा लागतो, तुमचा २०१९ चा आहे. चौकशीत तो सावकारीतलाच व्यवहार आहे असं दिसलं तर ते खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्यांना आहे. शिवाय मुदलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, असंही हा कायदा सांगतो. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

सगळं अवलंबून आहे ते ‘ही खरी खरेदी नव्हती, कर्ज होतं’ हे दाखवण्यावर. तुमच्या बाजूला बरंच आहे. रान तुम्ही कसताय, म्हणजे ताबा तुमचा. पीकपाहणी, विजेचं बिल, कारखान्याला किंवा बाजार समितीत घातलेल्या मालाच्या पावत्या काढा. खरेदीखतात लिहिलेली किंमत आणि त्या वर्षीचा सरकारी दर यात फरक असेल तर तो मोठा पुरावा आहे. फोनवरून पाठवलेल्या पैशांचा बँकेकडून २०१९ पासूनचा उतारा घ्या. जमीन विकून टाकणारा माणूस खरेदीदाराला दर महिन्याला पैसे कशाला पाठवेल? रोख देताना कुणी बरोबर असेल तर त्याचं नाव लिहून ठेवा. त्यानं जुन्या फोनवर धाडलेले मेसेज असतील तर तो फोन विकू नका.

कागदाचं हे दुखणं आपल्याकडं जुनं आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले तेव्हा त्यांनी सावकारांच्या घरातली खतं-रोखे शोधून जाळले, कारण त्यांच्या जमिनी त्या कागदांनीच नेल्या होत्या. आज जाळायची गरज नाही, तोच कागद कार्यालयात नेऊन दाखवता येतो.

आता काय करायचं नाही ते. त्याच्याशी नवा कागद करू नका. ‘तडजोड करू, इथं सही कर’ म्हणून तो येईल किंवा गावातल्या कुणाला पाठवेल. ताबा सोडू नका. एकटं भेटू नका, आणि धमकी दिली तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. हप्ते म्हणून आणखी पैसे देणं थांबवायच्या आधी वकिलाशी बोला. वकिलाची फी परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. महिलांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, पुरुषांना उत्पन्नाच्या मर्यादेत बसलं तर. सातबाऱ्यावर वहिनींचं नाव असेल तर अर्जदार म्हणून त्यांनाही घ्या.

अर्जाला खरेदीखताची नक्कल, जुना आणि चालू सातबारा, फेरफार, बँकेचा उतारा जोडा. प्रत्येक कागदाची एक प्रत घरी ठेवा. अर्ज आवक-जावक टेबलावर देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.